खोकल्याची बरोबरी

तुलना विभागाचे साहेब तपासणीला आले, तेव्हा दवाखान्याची बाकडी रिकामी होती. नर्सबाईंना त्याचा अभिमान होता. पाणी उकळा, डबकी बुजवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, असं वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून त्यांनी गाव निरोगी केलं होतं.

साहेबांनी बाकड्यांकडे पाहून हळहळ व्यक्त केली. "बाई, परिस्थिती गंभीर आहे. शेजारचा जिल्हा बघा. अर्ध्यात कारखाने, अर्ध्यात फवारणीची शेती. तिथल्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही! याला म्हणतात आरोग्यसेवेचा लाभ. आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे माणसं बरी आहेत, साहेब."

"तेच तर! तुलनेत गाव शेवटून पहिलं. दवाखाना बंद करावा लागणार."

"आणि एखादी बाळंतीण अडली तर?"

"तिला त्या जिल्ह्यात न्या."

"तिथे जागा नाही म्हणालात ना?"

"म्हणून तर तिथे नवी इमारत बांधतोय," साहेबांनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. फेरतपासणीची एक संधी मात्र त्यांनी मोठ्या मनाने दिली.

नर्सबाईंच्या सुनेलाच नववा लागला होता आणि शेजारच्या जिल्ह्याचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. त्यांनी आपलं गाऱ्हाणं न्हाव्याच्या दुकानात मांडलं, कारण गावाचे निर्णय तिथेच होत.

"एवढंच ना? खोकू की!" न्हावी म्हणाला. "दाढीला येईल त्याला शिकवतो. खोकला येईपर्यंत दुसरा गाल करायचा नाही."

फेरतपासणीला अख्खं गाव लोटलं. ज्याला साधी शिंक माहीत नव्हती तो पिठाच्या गिरणीवाला खाटेवर घालून आणला गेला. मुख्याध्यापकांना काही केल्या खोकला जमेना, म्हणून त्यांना कंबरदुखीत बसवलं. आणि नर्सबाई, ज्यांनी जन्मभर रुमाल धरायला शिकवलं, त्याच आता रांगेतून फिरत कुजबुजत होत्या, "अहो, रुमाल काढा! साहेबांना ऐकू जाऊ दे!"

साहेबांना गहिवरून आलं. "बरोबरी! थेट त्या जिल्ह्याशी बरोबरी!"

दवाखाना वाचला. सून तिथेच सुखरूप बाळंत झाली आणि नर्सबाईंनी गावभर साखर वाटली.

पण सरकारी न्याय अर्धवट नसतो. बरोबरीच्या गावाला बरोबरीच्या सोयी मिळायलाच हव्यात, असा ठराव झाला. गावाच्या वरच्या अंगाला कारखाना उभा राहिला, खालच्या अंगाला फवारणीचे पंप फिरू लागले. नर्सबाईंनी हरकत घेतली. "खोकला तर तुमच्याकडे आधीच होता," असं उत्तर आलं.

साहेब पुन्हा आले तेव्हा रांग चौकापर्यंत गेली होती. मुख्याध्यापकसुद्धा खोकत होते, तेही उत्तम.

"बाई, दवाखाना वाचलाय," साहेब नाकाला रुमाल लावून हसले. "आता तरी हे नाटक थांबवा. मला काय कळलं नव्हतं?"

नर्सबाई कडेवरच्या नातवाची पाठ चोळत होत्या. त्याची उबळ थांबल्यावर त्यांनी मान वर केली.

"नाटक आम्ही कधीच थांबवलं, साहेब," त्या म्हणाल्या. "खोकला थांबत नाहीये."

साहेबांनी 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारला आणि गाडीच्या काचा वर केल्या.

हे वाचताना तुमचाही घसा खवखवला असेल, तर घाबरू नका. अभिनंदन! तुमचंही गाव तुलनेत वर चाललंय.