मार्चअखेरचा आंबा

सन १९७५ च्या मार्च महिन्यात शासनाच्या असे निदर्शनास आले की, ग्रामीण जनता दरवर्षी उन्हाळ्याचा आनंद घेते, परंतु त्याची कोठेही नोंद होत नाही. तेव्हा जनतेने उन्हाळ्यातील साध्यासुध्या सुखांचा आस्वाद घ्यावा आणि तसा सह्यांनिशी अहवाल एकतीस मार्चपूर्वी सादर करावा, असे परिपत्रक निघाले. खरा उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत असतो, ही बाब विचारात घेण्यात आली होती. परंतु एका वर्षाचे सुख पुढच्या वर्षात ओढता येत नाही, या नियमापुढे सूर्याचाही इलाज नव्हता.

सुखांचे वाटप झाले. माठाचे पाणी मंगरूळपीरकडे गेले, दुपारची झोप मानोऱ्याच्या बाजूला गेली आणि शेलूबाजारपासून दोन कोसांवरच्या एका लहानशा गावाच्या वाट्याला आंबा आला.

गावात सांगण्यासारखे आंब्याचे झाड एकच, पुंजाजीच्या शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे. दुष्काळाच्या सालापासून ते रुसले होते, ते यंदा लदबदून मोहरले. पुंजाजी रोज दुपारी त्याच्याखाली आडवा होई आणि फांद्या निरखत पडून राही. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पोरांना घेऊन येणार होती. त्या दिवशी पितरांना पहिला आंबा दाखवायचा आणि मग नातवंडांसोबत अंगणात बसून कोपरापर्यंत ओघळ जाईस्तोवर चोखायचे, एवढेच त्या म्हाताऱ्याला हवे होते. त्यासाठी तो तीन वर्षे थांबला होता.

पंचवीस मार्चला ग्रामसेवक शालिग्राम काखेत वही मारून धुऱ्यावर हजर झाला.

"पुंजाजीबुवा, इथं सही करा. तुमी आंबा खाल्ला."

"कवा?"

"याच उन्हाळ्यात."

पुंजाजीने वर बोट दाखवले. "भाऊ, कैरी बोराएवढी हाये. अन् आखजीले पितराईले दाखोल्याबिगर आमच्या घरी कोणी आंबा तोंडाले लावत नाई."

शालिग्राम माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर फक्त उद्दिष्ट होते. तो तालुक्याला जाऊन मार्गदर्शन घेऊन आला. परंपरेचा यथोचित मान राखावा. पितर आधी खात असल्यास त्यांची नावे लाभार्थी म्हणून आधी घ्यावीत, असे ते मार्गदर्शन होते. त्यानुसार पुंजाजीचा बाप, आजा आणि पणजा वहीत चढले. त्यांच्यापुढे 'सही करण्यास असमर्थ' असा शेरा पडला.

"अन् म्या सही नाई केली त?" पुंजाजीने विचारले.

"मंग गावात एक दुःखी माणूस हाये, असा रिपोर्ट जाईन. त्याची चौकशी लागते. आनंदाचा फॉर्म एक पानाचा हाये बुवा, दुःखाचा बारा पानाचा."

शेजारचा ग्यानबा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "करून टाक न बाप्पा. एका सहीनं काय आंबे कमी होऊन राह्यले?"

पुंजाजीने सही केली. पुंजाजीच्या पणजाने आंबा खाल्लेला पाहून गावालाही आपापले पितर आठवले, आणि कोणाचेच पितर मागे राहायला तयार होईनात. गावची वस्ती सहाशे होती. आंबा खाल्लेल्यांचा आकडा अकराशे चाळीसवर जाऊन थांबला.

गाव जिल्ह्यात पहिले आले. पहिले आले म्हणून तपासणी समिती येणार असे ठरले, आणि तिची तारीख पडली आखजीच्या चार दिवस आधीची.

आता झाडाला हजारभर आंबे लोंबत होते. काहींना नुकता पाड लागला होता. शालिग्राम खाली उभा राहून वर पाहत राहिला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"बुवा, मार्चात खाल्लेला आंबा मे मयन्यात झाडावर कसा दिसन?"

"दिसून राह्यला न तुले?"

"मले दिसला त चालते. समितीले दिसला नाई पायजे."

पुंजाजी काठी घेऊन बुंध्याशी बसला. सरकारी माणसांशी भांडायची त्याने मनाची तयारी केली होती. पण सरकारी माणूस कोणीच आला नाही. आला तो ग्यानबा, आणि त्याच्यामागे बांबू, टोपली घेतलेले अर्धे गाव.

"सरक बुवा. आमच्या सह्या हायेत त्या वहीत. आमच्या बापाईचे नावं हायेत. त्यायले खोटं पाडू काय आता?"

पुंजाजीची बायको प्रयागबाई आडवी आली. "चार दिस थांबा रे. माह्या लेकीचे पोरं येऊन राह्यले."

तिचे म्हणणे सर्वांना पटले, आणि मान हलवतच लोकांनी झाड झोडपले. घरात ठेवलेला आंबाही पुरावाच ठरला असता, म्हणून सगळे आंबे कोरड्या विहिरीत लोटण्यात आले. पुंजाजी भर उन्हात धुऱ्यावर बसून रडला. त्याने ते कोणापासून लपवले नाही आणि कोणी पाहिलेही नाही.

समितीचे तीन साहेब आले. बोडके झाड पाहून ते प्रसन्न झाले. इतका संपूर्ण आस्वाद अन्यत्र आढळला नाही, असे त्यांनी टिपून घेतले. मग मोठ्या साहेबांनी पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय बाबा, गोड होते का आंबे?"

गाव भोवती उभे होते. शालिग्रामचे हात जोडलेले होते. पुंजाजीने ग्यानबाकडे पाहिले, वहीकडे पाहिले. वहीत त्याच्या बापाचे नाव होते.

"गोड होते सायेब," तो म्हणाला. "साखरेवानी."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवताना कित्येकांच्या तोंडाला खरेच पाणी सुटले.

आखजीला पोरे आली, झाडाला प्रदक्षिणा घालून रिकाम्या हातांनी अंगणात परतली. "आंबे कुठी गेले आबा?" असे धाकट्याने विचारले, तेव्हा पुंजाजी म्हणाला, "खाल्ले न आपुन. तुले याद नाई काय?"

वाचकांनी पुंजाजीसाठी हळहळू नये. ते सोपे आहे आणि त्याची नोंदही होत नाही. अशा वह्या गावोगाव फिरल्या, आणि सही केली नाही असे सांगणारा अजून कोणी भेटलेला नाही. तेव्हा आपण काय खाल्ले म्हणून सही केली होती आणि कोणाचे झाड झोडपायला गेलो होतो, तेवढे ज्याने त्याने आठवून पाहावे. गोड होते ना?