विरजणातला शेपटीवाला

"सापडला! अवं प्रमोदिनी, लवकर ये!"

प्रमोदिनीबाई हातातलं लाटणं घेऊनच धावल्या. मुकुंदरावांनी सदर बाजारातून जुना सूक्ष्मदर्शक आणल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. सकाळपासून ते नळीला मोबाइल टेकवून, श्वास रोखून फोटो काढत होते. आधी नुसता अंधार आला, मग स्वतःचा अंगठा आला, आणि आता दह्याच्या थेंबात चक्क प्राणी! काळं धड आणि काचेसारखी पारदर्शक शेपटी.

"पुस्तकात असा एकही नाही. नवीनच जात आहे ही!"

"कशात सापडला म्हणता?"

"तुझ्या विरजणात!"

बाई काही बोलायच्या आत फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर पोचलाही होता. खाली अभिमानाची ओळ: 'आमच्या घरच्या दह्यातला जीव.'

आता बिल्डिंगमध्ये झाडून सगळीकडे प्रमोदिनीबाईंचंच विरजण जायचं. तसं घट्ट दही अख्ख्या मनीषनगरात कुणाचं लागत नाही, हा लौकिक त्यांनी जिवापाड जपला होता. दोन मिनिटांत शेजारच्या इंदुताई दारात हजर.

"काल सगळ्यायनं कढी खाल्ली वं वहिनी! आता कसं करू?"

मागून वरच्या मजल्यावरचे गिरिधरभाऊ वाटी घेऊन आले. "मुकुंदराव, आमचंही दही पाहा गा."

त्यातही प्राणी होता. इंदुताईंनी घरून वाटीत आणलेल्या दह्यातही होता. नळाचं पाणी पाहिलं, तर तिथेही शेपटी! मुकुंदराव नाचायचेच बाकी राहिले.

"सगळीकडे पसरून राहिला!"

"यायच्याच विरजणानं पसरला ना!" इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी वाटीतलं दही तिथल्या तिथे मोरीत ओतलं. गिरिधरभाऊंनीही ओतलं. प्रमोदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे गेल्यावर त्यांनी रागारागाने काच पुसून कोरडी केली आणि नळीला डोळा लावला. काचेवर काही नव्हतं, तरी प्राणी जागेवर! वरचं भिंग फिरवलं, तर तोही गोल फिरला.

"अहो, हा दह्यात काहून राहील? तुमच्या भिंगात बसून आहे!"

सकाळी मुकुंदरावांनी भिंग उघडून, तोंड अगदी जवळ नेऊन फुंकर मारली होती. बाईंनी ते काढून पदराने पुसलं, तर पदरावर आला एक आखूड केस. टोकाला काळाकुट्ट, मुळाशी पांढरा. त्यांनी केसाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मिशीकडे. ती काळीभोर मिशी अस्सल आहे, असं मुकुंदराव चारचौघांत छातीठोकपणे सांगत.

"टाका ग्रुपवर."

"अवं, लोक काय म्हणतील मले?"

"अन् मले काय म्हणून राहिले लोक?"

मुकुंदरावांनी मिशीवरून हात फिरवला, बायकोच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जड बोटांनी लिहिलं: 'तो प्राणी माझ्या मिशीचा केस आहे. डाय केलेला. दही निर्दोष आहे.'

संध्याकाळी बेल वाजली. दारात गिरिधरभाऊ, दोन्ही हातांत एकेक वाटी.

"वहिनी, विरजण द्या थोडं," ते मोठ्याने म्हणाले. बाई खुशीत आत वळल्या, तशी त्यांनी दुसरी वाटी हळूच मुकुंदरावांपुढे धरली.

"अन् याच्यात तुमचा डाय द्या गा. आमचा लगेच ओळखू येते."