गारटेकडी, हजेरी क्रमांक चार

गेल्या वर्षी आमच्या शाळेमागच्या गारटेकडीने युवा गुणवंत पुरस्कार योजनेत कांस्य पातळीसाठी नाव दिलं. शाळेत या योजनेची प्रमुख मी, त्यामुळे तिचा अर्जही मलाच भरावा लागला.

नावनोंदणी मैदानावर चालू होती. गटात किमान चार जण हवेत असा नियम आहे आणि समोर उभे होते तिघंच: तौफिक पठाण, हर्षद गिते आणि अनुजा ढोकचौळे, तिघंही नववीतले. हर्षद बेंबीच्या देठापासून ‘हजर’ ओरडला आणि पाठोपाठ टेकडीकडून ‘हजर’ आलं. बावीस वर्षं हजेरी घेतल्यावर हात आपोआप चालतो. मी चौथं नाव लिहून मोकळी झाले.

आमच्या शाळेत शाईने लिहिलेलं नाव खोडत नाहीत. मुख्याध्यापक वाबळे सरांना या गोष्टीचा फार अभिमान आहे.

“सर, वय चौदा ते चोवीस लागतं,” मी म्हटलं.

सरांनी उतारा मागवला. पूर्वी टेकडी गायरानातच धरलेली होती. तिची वेगळी नोंद फेरमोजणीत झाली, त्याला त्याच महिन्यात, जूनमध्ये, चौदा वर्षं पुरी होत होती. “बसते की नियमात,” सर म्हणाले. “पालक म्हणून सरपंचांची सही घ्या.”

मला हे सगळं नसतं लचांड वाटत होतं. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर अनुजा टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचे वडील टपाल खात्यात, चार वर्षांत तिसरी शाळा. “बाई, पुढच्या जूनमध्ये परत बदली आहे,” ती म्हणाली. “कथ्थक अर्धं राहिलं, स्काउट अर्धं राहिलं. माझं एक काही तरी पुरं होऊ दे ना. टेकडीला काढू नका.” पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. मी अर्ज पाठवून दिला.

टेकडीने वर्षभर कामात कुचराई केली नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. ती शाळेच्या पूर्वेला असल्यामुळे आमच्या वर्गांत ऊन दुसऱ्या तासाला येतं. सेवा विभागासाठी तिने शनिवारच्या बाजारात भाजीवाल्यांवर अकरा वाजेपर्यंत सावली धरली. व्यायाम विभागात रोज वीस उठाबशा. त्या काळात सातवीच्या भिंतीला दोन तडे गेले, पण ते आधीपासूनच होते असं वाबळे सरांचं म्हणणं आहे. कौशल्य विभागात तिने प्रतिध्वनी घेतला. सुरुवातीला तिला एकच शब्द परत करता यायचा. अनुजा रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन पायथ्याशी बसायची आणि सराव करून घ्यायची. दिवाळीनंतर टेकडी अख्खं वाक्य परत करू लागली, तेही अनुजाच्या नगरी हेलासकट.

राहिली पदभ्रमंती. दोन दिवसांत चोवीस किलोमीटर, शाळेपासून काकडवाडीच्या पाझर तलावापर्यंत. ज्याचं सामान त्याने उचलायचं, वाहनात बसायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या आत चौघांनी एकत्र पोचायचं. एक जरी मागे राहिला तरी अख्खा गट बाद.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. टेकडीने आपले दगड, अकरा बाभळी आणि म्हसोबा एवढं सामान घेतलं. वर चरत असलेल्या शेळ्या मी उतरवून ठेवल्या, कारण त्यांची नोंदणी नव्हती. त्या सकाळी शाळेत प्रार्थनेलाच ऊन आलं आणि पाचवीच्या मुलांनी दुसरा तास समजून गणिताच्या वह्या काढल्या, असं नंतर कळलं.

पहिल्या दिवशी टेकडी मागे पडत होती आणि मुलं तिच्यासाठी थांबत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, चार किलोमीटर उरले असताना, अनुजाची टाच सोलून निघाली. मोजा रक्ताने भिजला होता. ती बांधावर बसली.

“मी इथेच थांबते,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे.”

“मी इथेच थांबते,” टेकडी म्हणाली. पुढचं वाक्य तिने परत केलं नाही. ती थांबली.

घड्याळात तीन वीस झाले होते. मग तौफिक म्हणाला, “बाई, टेकडी चढणं तर पदभ्रमंतीतच येतं ना?”

मी नियमपुस्तिका काढली. सातव्या पानावर ‘डोंगर-टेकड्या चढणे-उतरणे’ स्पष्ट छापलेलं होतं. टेकडी एका जागी उभीच असली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. अनुजा दात आवळून, एकेक दगड धरत वर गेली आणि म्हसोबाशी जाऊन बसली. टेकडी चालू लागली.

चार पन्नासला आम्ही तलावावर होतो. जिल्ह्याचे परीक्षक हिंगमिरे साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

“ही मुलगी वाहनातून आली.”

“वाहन नाही साहेब, सहभागी आहे. हजेरी क्रमांक चार.”

“बसून आली की नाही?”

“चढून विश्रांती घेतली. विश्रांतीला परवानगी आहे, पान नऊ.”

साहेबांनी पान नऊ वाचलं. मग सात. “उतरणं राहिलंय अजून,” ते म्हणाले आणि घड्याळ काढून बसले.

अनुजा अनवाणी उतरली. तिचा पाय जमिनीला लागला तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं. साहेबांनी वहीत ‘चढली. उतरली. चौघे एकत्र.’ असं लिहून सही केली. अनुजाने टेकडीच्या एका दगडाला मिठी मारली आणि मग मात्र ती मनसोक्त रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

टेकडी रविवारी जागेवर परत आली. तिचा बिल्ला म्हसोबाच्या शेंदरात बसवला आहे. जूनमध्ये अनुजा गेली. तिकडचा मुलूख अगदी सपाट आहे.

जुलैत टेकडीने रौप्य पातळीचा अर्ज केला. पदभ्रमंतीचं ठिकाण तिने स्वतः सुचवलं, एकशे चाळीस किलोमीटर. मी परतीची तारीख दिवाळीची टाकली आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. वर्ग आता सकाळपासून उजेडात असतात आणि आम्ही दुसरा तास घड्याळ पाहून ओळखायला शिकतो आहोत.

परवा अनुजाचं पत्र आलं.

“बाई, इथेही योजनेची नोंदणी सुरू झाली. आम्ही तिघीच होतो, म्हणून मॅडम यंदा नको म्हणत होत्या. आज सकाळी आमच्या वर्गात ऊन दुसऱ्या तासाला आलं.”