दशांशात न उतरणारे सर

टिळेकर सरांसमोर कुणी पायची किंमत ३.१४ आहे असं म्हटलं, की सरांचा चेहरा पडायचा. घरातल्या माणसाला परक्यानं टोपणनावानं हाक मारावी, तसा.

लवळ्याच्या कॉलेजात ते संगणकावर गणित शिकवायचे आणि तिथेच शिकता शिकता मी त्यांच्या लॅबमध्ये मदतनीस होतो. माझे वडील मेंढरं राखतात. घरातला पहिला पदवीधर मी. पास झाल्यावर सरांना चिठ्ठीत लिहिलं, 'बहुतांशी तुमच्यामुळे.' सरांनी गंभीरपणे विचारलं, "बहुतांशी म्हणजे किती छेद किती?"

मुलं पाय टाइप करायची. संगणक परत पायच दाखवायचा. ह्यानं काहीच केलं नाही, अशी मुलांची तक्रार. "त्यानं घाई केली नाही," सर म्हणायचे. मग साइन पाय काढून दाखवायचे. चिन्ह तसंच ठेवलं तर उत्तर स्वच्छ शून्य. आधी दशांशात उतरवलं, तर पंधरा शून्यांमागे दडलेला एक बारीकसा आकडा. "हा केर आपला. आता यातून मूळ पाय परत मिळायचा नाही, नुसता तर्क करता येईल."

आम्ही दोघंही कमलमावशींच्या घरी शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. सरांच्या खोलीत दुसरी एक खाट होती, त्यांच्या परदेशातल्या मुलीसाठी. ती कधी येणार, असं मावशींनी विचारलं की सर म्हणायचे, "येणार आहे." त्यापुढे काही नाही.

जूनमध्ये खोल्या शोधणारी मुलं दारात येऊ लागली. मावशींनी शेवटचं विचारलं. "सर, तारीख सांगा. न्हाईतर ती खाट मी पोरांच्या खोलीत टाकतीया."

सरांनी खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "वीस तारखेला."

मावशी लई खूश झाल्या. नंतर मी त्यांच्या खोलीत गेल्यावर सर हळूच म्हणाले, "मी तिला फोन केलेला नाही. बोलून तीन वर्षं झाली. येणार का, असं विचारलं तर ती नेमकं उत्तर देईल."

वीस तारखेला मावशींनी पुरण घातलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षा थांबतात तिथे उभे राहिले. मीही गेलो, नुसता शेजारी उभा राहिलो. एकामागून एक रिक्षा आल्या, बॅगा घेतलेली मुलं उतरत राहिली. सर प्रत्येक रिक्षेत वाकून बघत होते.

पुढची रिक्षा आली, तेव्हा मीही वाकून पाहिलं.