पास्कू वस्तादाने जिंकलेली कुस्ती

आमच्या गावातला पाव भट्टीत जाण्याआधी चितपट झालेला असे. दुपारी तीनच्या सुमाराला पास्कूच्या भट्टीवरून गेलं की आतून आधी मांडीवर थाप मारल्याचा आवाज यायचा. मग दम भरणं, "फुडे ये! भियातंस कित्याक?" आणि पाठोपाठ काहीतरी जड लाकडी फळीवर धप्पकन आदळायचं. आत मारामारी चालली आहे असं समजून एकदा एक नवा पोलीस काठी परजत शिरला. त्याला दिसला तो पन्नाशी उलटलेला, उघडाबंब, मान आणि खांदे एकच असलेला एक माणूस आणि त्याच्यासमोर मैद्याचा भलामोठा गोळा.

"कलाजंग," पास्कूने त्याला डावाचं नाव शांतपणे सांगितलं. "कालचो मैदो ढाकेर गेलो. आजचो चिवट आसा."

पास्कू आमच्या गावातला किरिस्ताव पाववाला. तरुणपणी तो कोल्हापूरला एका बेकरीत कामाला गेला. बेकरीच्या भिंतीला लागून तालीम होती. पाव शिकायला गेलेला माणूस बारा वर्षांनी पाव आणि कुस्ती दोन्ही शिकून परत आला. आल्याबरोबर त्याने भट्टीच्या मागे हौदा खणला. तांबडी माती चाळून घातली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबं कालवली. गावातल्या बायका म्हणत, एवढ्यात दहा माणसांची आमटी झाली असती. हौद्यात उतरताना पास्कू आधी छातीवर क्रूस काढी आणि मग वाकून माती कपाळाला लावी. चर्चच्या पाद्रींनी एकदा याबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "फादर, तो वयलो, ही सकयली. दोघांकय सांगूक होया मा?" पाद्री हसले आणि पाव घेऊन गेले.

त्याचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी तापातून उठलं, परीक्षेत नापास झालं, निवडणुकीत पडलं, की तो विचारी, "पाठ लागली काय?" म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला टेकले का? नाही म्हटलं की खूश. "मगे हरलंस खंय? ऊठ."

मीही पंधरा दिवस त्याच्या हौद्यात उतरलो होतो. सोळाव्या दिवशी त्याने मला बाहेर काढलं. "वासू, तुका मानच नाय रे. सुरणाक पण तुझ्यापेक्षा बरी मान आसता." पण माझ्यावर त्याचा जीव होता. एकदा हौद्याच्या काठावर बसून त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी गावात कोणालाच ठाऊक नव्हती. बारा वर्षांत तो एकही कुस्ती जिंकला नव्हता. हरलाही नव्हता. प्रत्येक वेळी पंच येऊन बरोबरीत सोडवायचे. "पाठ कोणी लावूक नाय माझी," तो म्हणाला, "पण मीय कोणाची लावूक नाय." आणि मग हसला. गाव मात्र त्याला कोल्हापूर मारून आलेला पैलवान समजत होतं.

इथून पुढचं सांगायचं मी फार वर्षं टाळलं.

त्या दिवसांत मुंबईहून मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी फ्री स्टाईलच्या गोष्टी घेऊन येत. गादीवरची कुस्ती, चारी बाजूंना दोर, परदेशी पैलवान, चावणं, केस ओढणं, खुर्ची डोक्यात घालणं. पास्कू सगळं लक्ष देऊन ऐके.

"आणि मगे?"

"मगे तेणी तेका उचलून दोरीभायर टाकलो!"

"म्हणजे पाठ लागली नाय."

"पाठ खंयची? माणूस तीन रांगा पलीकडे पडलो!"

"मगे ती कुस्ती न्हय. ता भांडण. आणि दोरी रे कित्याक? म्हशी बांधूचो गोठो तो."

मी तेव्हा बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कारकून होतो आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीसही. वाचनालयाचं छप्पर गळत होतं. अशात फ्री स्टाईलवाल्यांचा एक लहानसा ताफा किनाऱ्याने गावोगाव खेळ करत आला. छपराच्या खर्चासाठी एक खेळ मिळावा म्हणून मी मॅनेजरला भेटलो. त्याच्याकडे सात पैलवान होते आणि त्यातला मुख्य 'लोखंडी जबडा', खास हंगेरीहून आलेला. लांब लालभडक केस, गोरापान, बोलायचा नाही, नुसता गुरगुरायचा. मात्र आमच्याकडे जेवायला बसला तेव्हा बांगड्याचं तिखलं त्याने ज्या सराईतपणे भातात कालवलं, ते पाहून आईला हंगेरीबद्दल शंका आली.

मॅनेजर म्हणाला, "गावातला कोणी जुना पैलवान उभा करा याच्यासमोर. पब्लिक तुटून पडेल."

मी म्हटलं, आहे. आणि मग मीच पुढे बोललो, "पण त्याला जिंकू द्यायचं."

"त्यात काय! तिसऱ्या मिनिटाला हा पडेल. निकाल आमच्याकडे आधीच ठरलेला असतो."

मला वाटलं, मी केवढं पुण्य करतोय. बारा वर्षं बरोबरीत सुटलेल्या माणसाला एकदा तरी जिंकलेला पाहीन. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पास्कू काही तयार होईना. "गादयेर मी पाय ठेवचंय नाय."

"वस्तादानू, ही खरी कुस्ती होतली. नाटक नाय. मी मॅनेजराकडून शबूद घेतलंय."

"तू घेतलंस?"

"मी घेतलंय."

तो हातावरचा मैदा झटकून उभा राहिला. "तू सांगतंस तर मगे खराच," म्हणाला आणि त्या दिवसापासून पहाटे जोर काढायला लागला. मैद्याला त्या आठवड्यात फारच भोगावं लागलं. पाव असा हलका झाला की तसा पुन्हा कधी खाल्ला नाही.

खेळ शाळेच्या मैदानात, उन्हं उतरल्यावर होता. सगळा गाव लोटला होता. पाद्री पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी देवळातले भटजी. पास्कू लंगोट लावून दोरांमधून आत शिरला, क्रूस काढला, माती घ्यायला वाकला आणि थबकला. खाली ताडपत्री! मग त्याने कमरेची कागदाची पुडी सोडली. हौद्यातली मूठभर माती त्याने घरूनच आणली होती. ती त्याने कपाळाला लावली आणि उरलेली त्या स्वच्छ ताडपत्रीवर चारी बाजूंना शिंपडली. मॅनेजर "अहो, अहो!" करत धावला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

जबड्याने दोर चावून दाखवले, छाती बडवली. पास्कू हात पुढे करून उभा. दोघांचे हात भिडले, खडाखडी झाली, मानेवर मान आली. मी दोराला टेकून उभा होतो, म्हणून मला दिसलं, पास्कूचा चेहरा एकदम बदलला. एखाद्या ओळखीच्या दारात पाऊल टाकावं तसा.

त्याने एकलंगी घेतली. घेतली म्हणजे नुसता पायाला हात लावला. जबडा हवेत उडाला आणि पाठीवर आपटला. मैदान उसळलं. पण पास्कूने दोन्ही हातांनी त्याला उठवलं आणि म्हणाला, "नाय. परत धर." जबडा परत पडला. पास्कूने परत उठवलं. तिसऱ्यांदा दोघे बराच वेळ मानेला मान लावून उभे राहिले. मग जबडा आडवा झाला आणि या वेळी पास्कूने त्याला उठवलं नाही. तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलं.

लोक आत घुसले. पास्कूला खांद्यावर घेतलं, ढोल आले, आधी चर्चवरून आणि मग देवळावरून मिरवणूक निघाली. तो वर डोळे मिटून बसला होता. लोक म्हणाले, आनंदाने मिटलेत.

दुसऱ्या दिवशी ताफा आगबोटीने गेला. मी आठ दिवस भट्टीकडे फिरकलो नाही. पाव आई आणायची. म्हणायची, "पास्कू गप गप झालोहा. हौद्यार पण माडाची झापां टाकून ठेवल्यान." नवव्या दिवशी मी गेलो. तो मैदा मळत होता. शड्डू नाही, दम नाही, नुसता मळत होता.

"वस्तादानू, माझा चुकला."

त्याने मान वर केली नाही. "हाताक हात लागलो तेवाच कळला माका."

"तुमी एकदा जिंकूक होये, म्हणान..."

"माझा ऱ्हवांदे," तो म्हणाला. "तू तेचे कान बघलंस?"

"कान?"

"केसाखाली. दोनय कान चुरगाळलेले. मातयेत लहानपणापासून घासल्याबिगर तशे कान होणत नाय. हंगेरी खंयची रे! आमच्या कोल्हापूरचोच पैलवान तो. आणि बरो पैलवान. पकड लोखंडाची. मनात आणल्यान असता तर माझी पाठ दोन मिनटात लायल्यान असती." त्याचे हात मैद्यात थांबले. "मी दोनदा उठवलंय तेका. म्हटलंय, खरी धर, माझी पाठ लागांदे, पण खरी धर. तिसऱ्या वक्ताक तो माझ्या कानात म्हणालो, 'वस्ताद, पोटासाठी पडतुया. आता उठवू नगासा.'"

भट्टीतली लाकडं तडतडत होती.

"एवढ्या लोकांसमोर पडूक लायलंस तू तेका, वासू. माझ्यासारख्या म्हाताऱ्याकडसून." मग हलकेच म्हणाला, "तेचा खरा नाव काय रे?"

मला माहीत नव्हतं. जाहिराती मीच छापून घेतल्या होत्या. माझ्या घरी तो जेवून गेला होता. ताफ्याची आगबोटीची तिकिटं मी माझ्या हाताने फाडली होती. त्याचं नाव विचारावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

पास्कूने कुस्तीचं खरं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गावात उजळ माथ्याने फिरू शकलो नसतो. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला "काय वस्तादानू, जबडो फोडलात!" म्हणायचं, आणि तो मान डोलवून पाव मोजायचा.

त्यानंतर मात्र आगबोटीच्या दिवशी तो बंदरावर येऊ लागला. बोटीवरचे उतारू आणणारे पडाव किनाऱ्याला लागले की उतरणाऱ्या प्रत्येक धिप्पाड माणसाच्या जवळ जाऊन त्याचे कान बघायचा. लोक हसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पावणो येवचो आसा." हातात त्या पाहुण्यासाठी कागदात गुंडाळलेला पाव असायचा.

शेवटचा उतारू गेला की तो माझ्या कचेरीच्या खिडकीशी यायचा. "आज पण नाय इलो," म्हणायचा आणि पाव आत सरकवायचा. "तू खा. निवात नायतर."

तो गेल्यावर मी खिडकी लावून घ्यायचो. पाव गरम असायचा. मी खायचो.