नानांची गोटी आणि परतीची खात्री

फ्लॅट दाखवणारा माणूस इटालियन टाइल्सचं कौतुक सांगायला लागला की नाना खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवायचे. गोटी घरंगळत बाथरूमकडे निघाली की नाना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती निघाली. आपणही निघू."

नाना धुळ्यात देवपुरात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. नरडाण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गणितामुळे की स्वभावामुळे, त्यांना कशाचाही पुरावा लागायचा. दूधवाला म्हणाला, दूध म्हशीचं आहे, की नाना विचारणार, "पुरावा?" शेवटी वैतागून तो एका सकाळी म्हैसच घेऊन दारात आला. नानांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हैस आहे हे सिद्ध झालं. दूध हिचंच आहे, हे अजून व्हायचंय."

अशा माणसावर एक दिवस उलटा प्रसंग आला. त्यांची एकुलती लेक, वैशाली, अमेरिकेत असते. तिला मूल झालं. नातवाला बघायला म्हणून नानांनी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला, नवा सफारी शिवला आणि मुलाखतीला मुंबईला गेले. आले ते लालबुंद होऊन.

"नाही म्हणाले," त्यांनी सांगितलं. "म्हणे, तुम्ही परत याल याची खात्री वाटत नाही."

मी हसू दाबलं. नाना रागावले की शहरी मराठी सोडून थेट साक्रीकडच्या आपल्या गावच्या बोलीत जाऊन पोचायचे. "माले काय तठे ऱ्हावानं शे? अरे, नरडाण्याला अख्खी नोकरी केली. रोज संध्याकाळी घरी परत! एक मुक्काम केला नाही. माझ्याकडे पुरावा मागतात?"

व्हिसाची कामं करणारा एक एजंट होता. त्यानं नानांची सगळी कुंडली विचारून घेतली. बायको? वारली. गावची जमीन? भावांच्यात सामाईक. घर? भाड्याचं. एजंट मान हलवत राहिला. "नाना, कागदावर बघितलं तर तुम्ही आजच निघून गेल्यासारखे आहात. तुमच्या नावावर एखादा फ्लॅट तरी पाहिजे. म्हणजे त्यांना वाटेल, माणसाचं मागं काहीतरी आहे."

म्हणजे नातू बघायचा तर अमेरिकेत, आणि त्यासाठी घर घ्यायचं धुळ्यात. नानांना हे समीकरण अजिबात पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी खिशात घालून ते माझ्या दारात हजर. स्कूटर चालवायला त्यांना मी हवा होतो.

निवृत्त शिक्षकाला परवडेल असा फ्लॅट शहराच्या आत सापडत नाही आणि बाहेर सापडतो तो इतका बाहेर की त्याला दुसऱ्या गावाचं नाव लावायला हरकत नसते. एका ठिकाणी शेतात नुसताच खांब उभा होता. तिथला पोरगा म्हणाला, "सर, हायवे टच आहे." तेवढ्यात एक ट्रक असा गेला की खांबही हलला. नाना म्हणाले, "टच नको. थोडा लांबून नमस्कार चालेल."

दुसरीकडे नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता. खोली मोठी दिसत होती. नानांना शंका आली. ते बूट काढून सरळ पलंगावर आडवे झाले. पाय गुडघ्यापासून बाहेर. "हा पलंग कोणत्या इयत्तेसाठी आहे?" त्यांनी विचारलं. सेल्सची मुलगी गोरीमोरी झाली. मग तिनं कार्पेट एरिया, बिल्टअप, सुपर बिल्टअप असं बरंच समजावलं. नानांनी विद्यार्थ्याचं ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसे दिले त्यातली एक खोली जिन्यात आहे. पाहुणे आले की तिथं झोपवायचे."

तिसऱ्या ठिकाणी पोहण्याचा तलाव होता. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, एवढंच नानांनी विचारलं. तलावाचा विषय मिटला.

नानांना घर घ्यायचंच नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. आणि एके दिवशी त्यांनी आमच्याच गल्लीत, आमच्या गॅलरीसमोरचा एका खोलीचा जुना फ्लॅट पटकन ठरवून टाकला. भिंतींना ओल, लिफ्ट नाही, शेजारी पिठाची गिरणी. मी म्हटलं, "नाना, ह्याच्यापेक्षा हायवे बरा होता." ते म्हणाले, "गोटी हलली नाही." मला तर ती हललेली दिसली होती.

फ्लॅटचे कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून नाना पुन्हा मुंबईला गेले. परत आले ते सरळ आमच्याकडेच. सुनीतानं, माझ्या बायकोनं, चहा ठेवला. नाना पिशवी छातीशी धरून खुर्चीत टेकले. मला वाटलं, परत नकार.

"मिळाला," ते म्हणाले.

"मग? कागदांनी काम केलं म्हणायचं!"

"कागद बघितलेच नाहीत रे. मी पिशवी पुढं केली, तर खिडकीतली बाई म्हणाली, राहू द्या." नानांनी कप हातात घेतला, पण चहा प्याले नाहीत. "तिनं एकच विचारलं. धुळ्यात तुमची वाट कोण बघतं?"

मी माझा कप खाली ठेवला.

"माले काही सुचेना. मंदा असती तर बायको म्हणून तिचं नाव घेतलं असतं. भावांचं कसं सांगू? जमिनीशिवाय फोन येत नाही त्यांचा. मागं लोक रांगेत उभे. मग म्हटलं, शेजारी आहेत. रोज गॅलरीतून विचारतात, नाना, जेवलात का म्हणून." ते कपाकडे बघत राहिले. "तुमची नावं सांगून टाकली मी. तुम्हाला न विचारता. चुकलं असेल तर सांगा."

सुनीता पदराला हात पुसत बाहेर आली.

"चुकलं कसलं?" ती म्हणाली. "तिकडे जास्त रमू नका म्हणजे झालं."

नानांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. उठले, दारापाशी चपलेत पाय घालता घालता पाठमोरेच म्हणाले,

"पोरगी सहा महिने राहा म्हणते. मी तीनमाच परत येसू."