चष्मेवाल्याचा तिरका तक्ता

वर्षानुवर्षं खपून जावयाने एक फाँट तयार केला. बोल्ड, इटॅलिक, सेरिफ! म्हणजे अक्षरं जाडजूड, उजवीकडे झुकलेली आणि टोकाटोकाला नखाएवढे पाय फुटलेली. जगाने नावाजावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. सासऱ्यांनी एकदा ‘छान’ म्हणावं, एवढीच होती. सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लग्नापासून त्यांनी जावयाच्या फक्त चष्म्याच्या फ्रेमला छान म्हटलं होतं, आणि तीही त्यांच्याच दुकानातली होती.

“जावईबापू, ही अक्षरं कुठे पळत सुटलीत?” फाँट बघून ते म्हणाले.

“इटॅलिक आहे, बाबा. त्यात गती असते.”

“अक्षराला गती कशाला? त्याने एका जागी उभं राहावं, माणसाने वाचावं आणि घरी जावं.”

बायकोने बाजू सावरली. दुकानातला डोळे तपासायचा तक्ता पिवळा पडला होता. “बाबा, नवा तक्ता ह्याच्याच अक्षरात छापू या. फुकट,” ती म्हणाली. शेवटच्या शब्दावर सासरे विरघळले.

तक्ता लागला आणि घोळ सुरू झाला. पहिल्याच गिऱ्हाईक शिंपीणबाई मान वाकडी करून वाचू लागल्या.

“अक्षरं पडतायत हो!”

तक्ता चुकत नाही, डोळे चुकतात, या तत्त्वावर सासऱ्यांचं दुकान उभं होतं. त्यांनी काचा बदलल्या, फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. “आता?”

“आता उभी राहिली बघा!”

तसाच चष्मा त्यांनी करून दिला. मग न्हावी आला, शाळेतल्या बाई आल्या. ज्याची त्याची अक्षरं पडत होती आणि सासरे ती उत्साहाने उभी करत होते.

तक्त्यावरची अक्षरं उभी राहिली खरी, पण बाकीचं जग डावीकडे कललं. शिंपीणबाईंनी सदऱ्याचा एक खांदा वर, एक खाली शिवला. न्हाव्याने गिऱ्हाइकाचा एक कल्ला कानाशी ठेवला, दुसरा हनुवटीपर्यंत नेला. शाळेतल्या बाई “सरळ उभे राहा!” म्हणून ओरडत राहिल्या आणि अख्खी रांग उजवीकडे वाकता वाकता एकमेकांवर कोसळली.

शेवटी सगळे दुकानात येऊन थडकले.

“काका, आमच्या डोळ्यांचं केलंत तरी काय?” न्हावी कडाडला.

सासरे गडबडले. एवढ्या वर्षांचं नाव मातीत जायची वेळ आली होती. जावयाला ते बघवेना. आता ‘छान’ या जन्मात मिळायचं नाही, हे कळत असूनही तो पुढे झाला.

“बाबांची चूक नाही. डोळ्यांचीही नाही. माझी अक्षरंच तिरकी आहेत.”

“तिरकी?” सासरे तक्त्याकडे वळून बराच वेळ बघत राहिले. “कोण म्हणतं? ताठ उभी आहेत की! छान काढलीत, जावईबापू. फारच छान.”

जावयाला भरून आलं. डोळे पुसून त्याने पाहिलं, तर सासऱ्यांच्या नाकावर तसलाच नवा चष्मा होता.

“सगळ्यांचे चष्मे आजच बदलायला घेऊ,” बायको त्याच्या कानाशी म्हणाली. “पहिला बाबांचा.”

“छे गं,” तो घाईघाईने म्हणाला, “बाबांचा सगळ्यात शेवटी.”